सूर आणि बिऱ्हाड : लेखांक ७
चाल कुणाची?

मागच्या लेखांकात नाटक मंडळीचा संसार कसा चाले ते पाहिलं. आज तो मोडतो कसा, ते पाहू.

१९७५ साली पीटर गॅब्रिएल हा गायक जेनेसिस हा रॉक बँड सोडून गेला. ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स गायला पुढे आला आणि बँड आणखी मोठा झाला. अशा वेळी 'कलाविषयक मतभेद' हे कारण ऐकू येतं. आपल्याकडे म्हणत, मंडळी फुटली.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने नाटककार कृ. प्र. खाडिलकरांचं 'मानापमान' हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं. चाली पेटीवादक गोविंदराव टेंबे यांच्या, पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग घेऊन आलेल्या. नाटक तुफान चाललं. तरी १९१३ मध्ये मंडळीतले गायक-नट बालगंधर्व, नट गणपतराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे टेंबे तिथूनही निघाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. १९१८ मध्ये सतरा वर्षांच्या दीनानाथ मंगेशकरांनी किर्लोस्कर सोडली. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बोरिवलीत बळवंत मंडळी सुरू केली.

या फुटीमागे पैसा होता, मालकी होती, दुखावलेली मनंही होती. पण मतभेद सुरांचेही असतात, आणि ते कानाला कळतात. 'मानापमान'मधलं 'प्रेम सेवा शरण' हे पद घ्या. टेंब्यांची मूळ चाल भीमपलासातली. दीनानाथांनी ती मुलतानीत नेली. दोन्ही राग दुपारचे, दोघांच्या आरोहात रिषभ-धैवत नाहीत, गंधार दोन्हीकडे कोमल. पण शुद्ध मध्यम तीव्र होतो, निषाद कोमलाचा शुद्ध होतो, उतरताना रिषभ-धैवत कोमल लागतात, आणि त्याच शब्दांतल्या आर्जवाची जागा धग घेते. टेंब्यांची चाल उणी होती म्हणून हे घडलं नाही. दीनानाथांच्या गळ्याला दुसरं काही म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला स्वतःची मंडळी हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

त्याची किंमतही मोजावी लागली. बोलपटाच्या लाटेत बळवंत मंडळी टिकली नाही.

पण फुटून निघालेले कधी एकत्रही आले. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर, गिरगावापासून पायी जाण्याच्या अंतरावर. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन मंडळींचं संयुक्त 'मानापमान'. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. बालगंधर्व किर्लोस्कर सोडून आलेले, आणि केशवरावांनीही १९०८ मध्ये स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून ललितकलादर्श काढलेली. मराठी रंगभूमीची ती सर्वात गाजलेली रात्र दोन फुटून निघालेल्या गायकांनी उभी केली.

या रविवारी दुपारी, चहाच्या आधी, हे पद दोन्ही चालींत लागोपाठ ऐका. आधी भीमपलास, मग मुलतानी. मध्यमावर कान ठेवा.