वाढीव फेऱ्यांचा हिशेब

सावलीत रस्त्याच्या कडेला काळी-पिवळी भरत असते. मूलकडून आलेली ही गाडी व्याहाडवरून, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जायची. आसने भरतात, तरी गाडी हलत नाही. ड्रायव्हर अंग चोरतो. त्याच्या उजव्या हातालाही एक जण बसतो. जिथे गियर टाकायला जागा नाही, तिथे पट्टा कोण बांधणार?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती. मागच्या आसनावर पट्टा मात्र बांधलेला नव्हता. इथे तर पट्ट्यांपेक्षा माणसेच जास्त!

२०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड ठरवला. ठीकच आहे. पण शेवटची गाडी सोडून मजुरीहून परतणाऱ्या बाईने वाघाच्या रानातून पायी जावे काय?

बँकेत असताना अशा गाड्यांची कर्जे मी मंजूर केली. हप्ता बसत नसला, की आम्ही कागदावर दोन फेऱ्या वाढवत असू. रस्त्यावर फेऱ्या वाढल्या नाहीत. गाडीतली माणसे वाढली. आज वाटते, आसने मोजूनच हप्ता ठरवायला हवा होता. आणि संध्याकाळच्या एसटीसाठी आगारात अर्ज घेऊन मीही जायला हवे होते.