स्मार्ट घर आणि सुरक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका होत्या. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पतीच्याही कामाच्या वेळा तशाच. पोलिसांना बोलावलं तरी ते वेळेवर पोचतील याची खात्री नसे. म्हणून १९६६ साली त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलायला माइक, जागेवरून दार उघडायला एक बटण आणि धोका वाटला तर मदत बोलवायला दुसरं, अशी ती रचना होती.

आज व्हिडिओ डोअरबेल, स्मार्ट लॉक, आपोआप लागणारे दिवे आणि सेन्सर यांचे संच मुंबई-पुण्यातच काय, तालुक्याच्या गावीही मिळतात. पाहणं, बोलणं आणि दार उघडणं मोबाइलवर आलं. मागे पडलं ते मदत बोलवायचं बटण. खबर मिळाल्यावर धावून कोण येणार, हे ठरवल्याशिवाय घेतलेली यंत्रणा अर्धवटच राहते. पुढचे बरेचसे गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळेच टिकून आहेत.

गैरसमज १ : कॅमेरे लावले की घर सुरक्षित झालं.

वस्तुस्थिती : कॅमेरा पाहतो, अडवत नाही. बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरी झाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तिथे चोराला रोखण्याचं काम दाराचं, चौकटीचं आणि कुलपाचं असतं. कोयंडा छोट्या स्क्रूंवर नुसता टेकवलेला असेल, तर कटावणीच्या एका हिसक्यात तो निघतो. लांब स्क्रू थेट चौकटीच्या गाभ्यात बसवणं, भक्कम सेफ्टी डोअर, दाराच्या आत बसणारं कुलूप या गोष्टी चोराचा वेळ खातात. सेन्सरचं काम त्यानंतर सुरू होतं.

दाराचा सेन्सर म्हणजे चौकटीवर एक छोटा चुंबकीय स्विच आणि दाराच्या पल्ल्यावर चुंबक. पल्ला हलला, चुंबक दूर गेला की संदेश सुटतो. म्हणजे दार उघडल्यावर, कोयंडा तुटल्यानंतर! त्यामुळे पुढच्या क्षणांत काय होतं ते महत्त्वाचं. त्याच संदेशावर जिन्यातला दिवा लागला, सायरन वाजला आणि तुमच्यासह शेजाऱ्यांना व सोसायटीच्या वॉचमनला सूचना गेली, तर जोडणी कामाची. घरगुती संचांतली सूचना पोलिसांकडे आपोआप जाते असं धरून चालू नका. ११२ क्रमांकावर फोन कुणा माणसालाच करावा लागतो, आणि तो कोणी करायचा हे आधी ठरलेलं हवं.

गैरसमज २ : जास्त भाग टिपणारा कॅमेरा जास्त उपयोगी.

वस्तुस्थिती : ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाची चेहऱ्यावरून ओळख पटवायची, तर चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल हवेत, असा निकष या क्षेत्रात वापरतात. घरोघरी दिसणाऱ्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. भागाकार केला तर कॅमेऱ्यासमोरचा साडेसात मीटरचा पट्टाच या निकषात बसतो. भिंग नव्वद अंशांचं असेल, तर तेवढा पट्टा पावणेचार मीटरवरच भरतो. त्यापुढे माणूस दिसेल, शर्टाचा रंग कळेल, पण चेहरा सांगता येणार नाही.

म्हणून अंगण टिपायला रुंद कॅमेरा आणि दारासमोर, चेहऱ्याच्या उंचीपासून फार वर नसलेला, अरुंद कोनाचा दुसरा, अशी विभागणी करावी. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा भिंगासमोरचं कोळ्याचं जाळं पांढरंफटक चमकतं. ते वाऱ्याने हललं तरी मोबाइलवर ‘हालचाल’ अशी सूचना येते. पावसाळ्यात तर अशा सूचनांचा सडा पडतो, वैतागून माणूस त्या बंद करून टाकतो आणि खरी सूचना त्यातच हरवते. आठवड्यातून एकदा भिंग पुसून घेणं हासुद्धा सुरक्षेचाच भाग आहे.

गैरसमज ३ : सेन्सर कुठेही चिकटवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : माणसाची चाहूल घेणारा साधा सेन्सर शरीराची उष्णता आणि पाठीमागच्या पृष्ठभागाची उष्णता यांतला हलता फरक टिपतो. खिडकीची काच ही उष्णता अडवते, त्यामुळे काचेआडून बाहेरची राखण तो करू शकत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या बंद खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ गेलं की हा फरकच पुसट होतो आणि सेन्सर मंदावतो. माणूस त्याच्या रोखाने सरळ चालत आला तर त्याला उशिरा कळतं, आडवा गेला तर लगेच कळतं. म्हणून चोराच्या संभाव्य वाटेला आडव्या जाणाऱ्या नजरेने तो बसवतात.

गॅसच्या सेन्सरची चूक याहून गंभीर. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो गळला की फरशीलगत साचतो. म्हणून त्याचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्याचा सेन्सर वर, छताजवळ हवा. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस घेतलेल्या घरांत जुना सेन्सर खालीच राहिला असेल, तर तो धोका वेळेवर सांगणार नाही. नवी जोडणी झाली त्याच दिवशी जागा बदला, आणि तो सेन्सर नैसर्गिक वायूसाठी चालतो ना, हेही तपासून घ्या.

गैरसमज ४ : जितकं आपोआप, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : गॅस गळला की एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू व्हावा, हा नियम वरवर शहाणपणाचा वाटतो. साध्या पंख्याच्या स्विचमध्ये किंवा मोटरमध्ये उडालेली बारीकशी ठिणगी तेव्हा स्फोटाला पुरेशी असते. गळती होत असताना विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नसतं, हा नियम यंत्रालाही लागू आहे. सायरन वाजवणं आणि गॅसची नळी बंद करणारा, त्याच कामासाठी बनवलेला झडपेचा संच वापरणं इथपर्यंत स्वयंचलन योग्य. खिडक्या उघडणं आणि बाहेर पडणं माणसानेच करायचं.

दाराचंही तसंच. मोबाइल घराजवळ आला की कुलूप आपोआप उघडावं ही सोय मोबाइल चोरीला गेला की चोराचीही सोय होते. आवाजी आज्ञेवर दार उघडत असेल, तर पिन विचारल्याशिवाय ते उघडू नये अशी व्यवस्था करा. दार आपोआप बंद होणं बहुधा हिताचं, आपोआप उघडणं बहुधा धोक्याचं. आणि आतून ते विजेशिवाय, मोबाइलशिवाय, नुसत्या हाताने उघडलंच पाहिजे. आग लागली तर पिन आठवायला वेळ नसतो.

स्वयंचलनाचा खरा फायदा साध्या गोष्टीत आहे. सगळे गावाला गेले असताना रोज थोड्या वेगळ्या वेळेला दिवे लागले-विझले, तर घरात वावर आहे असं वाटतं. अर्थात दाराशी वर्तमानपत्रांचा आणि दुधाच्या पिशव्यांचा ढीग साचला, तर दिव्यांची सगळी मेहनत वाया जाते.

गैरसमज ५ : वीज किंवा इंटरनेट गेलं की सगळंच ठप्प.

वस्तुस्थिती : हे संच कसे निवडले यावर अवलंबून आहे. बहुतेक स्मार्ट लॉक स्वतःच्या बॅटरीवर चालतात, त्या उतरू लागल्या की आधी इशारा देतात आणि अनेकांना बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय असते. तरी साधी किल्ली असलेलं लॉकच घ्यावं आणि ती किल्ली घरात न ठेवता विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. राउटर आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घेतले तर भारनियमनातही पहारा चालू राहतो.

मोठा प्रश्न इंटरनेटपेक्षा कंपनीच्या सर्व्हरचा आहे. इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेविना बंद झाले. भिंतीवरची बटणं चालत राहिली, पण सर्व्हरवर अवलंबून असलेलं मोबाइलचं नियंत्रण गेलं. म्हणून विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : राउटरची इंटरनेटची वायर काढली तर यातलं काय काय चालू राहील? झिगबी, झी-वेव्ह किंवा २०२२ साली आलेलं मॅटर मानक वापरणारी बरीच उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात. सायरन आणि दाराचा सेन्सर तरी अशा जोडणीवर असावेत.

गैरसमज ६ : आपलं साधं घर कोण कशाला हॅक करेल?

वस्तुस्थिती : हल्लेखोर घर निवडत नाही, उघडा पासवर्ड शोधतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण समाजमाध्यमांवर फिरलं. कॅमेरा जिथे नकोच होता तिथे तो होता, ही त्यातली पहिली चूक.

९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या निकषांवर चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं आहे. खरेदीच्या वेळी त्याची विचारणा करा. पण कॅमेरा कितीही प्रमाणित असला तरी पासवर्ड तुम्हालाच बदलावा लागतो. तो इतरत्र कुठेही वापरलेला नसावा, ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सुरू असावी आणि कॅमेरे बसवून गेलेल्या तंत्रज्ञाचं खातं त्याच दिवशी काढून टाकावं. ही शेवटची गोष्ट फार घरांत राहून जाते.

गैरसमज ७ : घर माझं, कॅमेरा माझा, कुठेही लावीन.

वस्तुस्थिती : खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केलं आहे. एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावणं या हक्काचा भंग ठरतं, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सुट्टीत गोव्यातला बंगला भाड्याने देणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी केली आहे.

कॅमेऱ्याची नजर आपल्या दारावर, आपल्या पार्किंगवर असावी. समोरच्यांच्या दारात किंवा खिडकीत नको. कामाला येणाऱ्या मावशींना आणि आजोबांना सांभाळणाऱ्या माणसाला कॅमेरा कुठे आहे हे सांगा. त्यांच्यावर विश्वास टाकण्याची आणि त्यांचा विश्वास मिळवण्याची ती पहिली पायरी आहे.

गैरसमज ८ : चित्रण आहे, म्हणजे पुरावा आहे.

वस्तुस्थिती : आधी हिशेब पाहू. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने सतत चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो, चार कॅमेरे ८६ जीबी. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. गणपतीला पंधरा दिवस कोकणात गेलेलं कुटुंब परत येईपर्यंत पहिल्या दिवसांचं चित्रण उरलेलंच नसतं. डिस्क मोठी घ्या किंवा फक्त हालचालीच्या वेळचं चित्रण साठवा.

न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याआधीच्या जुन्या साक्ष कायद्यानुसारही असं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी त्याच खटल्यात नक्की केलं. म्हणून घटना घडली तर क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका. मूळ डीव्हीआर तसाच ठेवा, त्याचं चित्रण पुसलं जाणार नाही याची व्यवस्था करा आणि पोलिसांना त्याची माहिती द्या.

पैसे हातात येतील तसे या क्रमाने खर्च करा : आधी दार, चौकट आणि कुलूप; मग दाराचा आणि गॅसचा सेन्सर, सायरन; मग दारासमोरचा एक चांगला कॅमेरा; बाकीचं नंतर. आणि महिन्यातून एकदा सर्वांना आधी कल्पना देऊन स्वतःच्या घराचं दार मुद्दाम उघडून गजर होऊ द्या. दिवा लागला का, सूचना कुणाकुणाला पोचली, शेजाऱ्यांनी फोन उचलला का, वॉचमन किती वेळात आले, हे पाहा. यातली एक जरी कडी निसटली असेल, तर नवं उपकरण घेण्याआधी ती दुरुस्त करा. महागड्या यंत्रणेचा गजर ऐकायला कोणीच नसेल तर ती निकामी, आणि साध्या सायरनला साद देणारे चार शेजारी असतील तर तेवढ्यानेही घर राखलं जातं.