खानदेशांतील शहरांचे जुने नकाशे : शोध आणि परीक्षण

पोथी हातीं आली म्हणजे आपण प्रथम तिचा शक व नकलकाराचें नांव पाहतों. नकाशा हातीं आला म्हणजे मात्र त्याची साक्ष खरीच असणार असें गृहीत धरून चालतों. जुने नकाशे आंतरजालावर घरबसल्या पाहतां येऊं लागल्यापासून ही सवय अधिकच घातक झाली आहे. म्हणून धुळें व जळगांव या दोन शहरांपुरतें या साधनाचें दिग्दर्शन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शोधाचा आरंभ नांवापासून करावा. इंग्रजी कागदांत धुळ्याचें रूप 'धूलिया' असें आढळतें व तें रोमन लिपींत कधीं 'यू'नें, कधीं दोन 'ओं'नीं लिहिलेलें असतें. खानदेशाचा आरंभ कोठें 'के'नें तर कोठें 'सी'नें होतो. केवळ आजच्या वर्णलेखनानें शोधणारास पुष्कळदां रिक्तहस्त परतावें लागतें.

नांवापेक्षां भरंवशाची वाट पत्रकाच्या अंकाची होय. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतींत २० ते २४ अक्षांश व ७२ ते ७६ रेखांश या चौकटीचा अंक ४६ आहे. तिचे एकेका अंशाचे सोळा भाग वायव्य कोपऱ्यापासून खालीं, मग पुढील रांगेंत, या क्रमानें 'ए' ते 'पी' या अक्षरांनीं ओळखतात. प्रत्येक भागाचे त्याच क्रमानें पुन्हां सोळा तुकडे पाडिले म्हणजे एका इंचास एक मैल या मापाचीं पत्रकें होतात. या हिशेबानें धुळें ४६ एल/१३ यांत येतें. जळगांव एकविसाव्या अक्षांशास लागून असल्यानें ४६ ओ/१२ व त्याच्या दक्षिणेचें ४६ पी/९ हीं दोन्ही जोडल्याखेरीज शहराचा परिसर पुरा होत नाहीं.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानें अमेरिकन लष्कराची १ : २,५०,००० मापाची माला, व शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संग्रहानें इंपीरियल गॅझेटियर आणि कॉन्स्टेबलचा १८९३ चा नकाशासंग्रह सर्वांस खुला केला आहे. परंतु एवढ्या लहान मापांत शहर म्हणजे एक ठिपका. गल्ली व पेठ तेथें दिसावयाची नाहीं.

आतां काळनिर्णय. छपाईचें साल व मोजणीचें साल हीं भिन्न असूं शकतात. म्हणून समासांतील मजकूर आधीं वाचावा, मग आंतला पुरावा घ्यावा. १८१८ सालीं मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. सरळ रस्त्यांचें नवें धुळें ही त्यानंतरची रचना. चाळीसगांव-धुळें लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. तो चालूं स्थितींत दाखविलेला नकाशा त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. पूर्व व पश्चिम खानदेश हे शब्द असतील तर तो १९०६ च्या विभागणीनंतरचा. उलट, लोहमार्ग नाहीं एवढ्यावरून नकाशा जुना ठरवूं नये. काढणारास त्याचें प्रयोजनच नसेल.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवून पाहतांना खूण म्हणून देऊळ किंवा पूल घ्यावा, नदीचा कांठ घेऊं नये. पांझरेच्या १८७२ च्या महापुरानें धुळ्यांतील घरांची मोठी हानि केली. त्यापूर्वींची घरांची मांडणी दाखविणारा एखादा हातानें काढलेला कागद आज कोठें असेल, तर तो परदेशच्या ग्रंथालयापेक्षां एखाद्या घराण्याच्या रुमालांत असण्याचाच संभव अधिक.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, असा कागद सांपडल्यास त्याचे समास कापूं नयेत, तो ज्या दप्तरांत निघाला त्यापासून तोडूं नये, आणि शेजारीं मोजपट्टी ठेवून पाठपोट छायाचित्र घ्यावें. राजवाड्यांनीं ज्या धुळ्यांत १९२६ सालीं देह ठेविला, तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आहे. दप्तरें जपण्याचा धडा खानदेशास नव्यानें द्यावयास नको. आंतरजाल आपणांस दूरचे नकाशे दाखवील. घरांतला मात्र आपणच उलगडला पाहिजे.