गस्तीची गाडी आणि डिक्कीतली पिशवी

‘गाडीतून चोरी’ म्हटलं की पुण्या-मुंबईत काच फोडून पळवलेली लॅपटॉपची बॅग आठवते. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावात हे चित्र फारसं कामाचं नाही. इथली गाडी बहुधा मोटारसायकल असते, तिला बाजूला डिक्की आणि डिक्कीत कापडी पिशवी. पिशवीत कापसाचे, नाहीतर पीककर्जाचे पैसे, तासाभरापूर्वी बँकेतून काढलेले. खानदेशातल्या वर्तमानपत्रांत ‘डिक्की फोडून रोकड लंपास’ हा मथळा इतका रुळलाय की लोक खालचा मजकूर न वाचताच पान उलटतात आणि पारावर निकाल लागतो: पोलीस गस्तच घालत नाहीत.

हा निकाल अगदीच खोटा नाही, पण त्याच्या पोटात बरेच गैरसमज आहेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज असा की गाडी गावभर जितकी फिरेल तितक्या चोऱ्या कमी होतील. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये हे वर्षभर प्रत्यक्ष तपासून पाहिलं गेलं. शहराच्या एका भागातल्या १५ बीटांचे, म्हणजे गस्तीच्या विभागांचे, तीन गट केले. पाच बीटांतली नेहमीची गस्त बंद ठेवली, बोलावणं आलं तरच गाडी जायची. पाचांत गस्त होती तशीच ठेवली, आणि उरलेल्या पाचांत ती दुपटी-तिपटीने वाढवली. वर्षअखेर हिशेब केला तर तिन्ही गटांतल्या गुन्ह्यांत म्हणावा असा फरक नव्हता. गाड्यांतून होणाऱ्या चोऱ्यांतही नाही. गस्त वाढली की घटली, हे रहिवाशांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग गस्त निरुपयोगी समजायची का? तसंही नाही. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांना येणाऱ्या फोनची छाननी केली तेव्हा निम्मे फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून येतात असं दिसलं. त्यानंतर तिथेच झालेल्या प्रयोगात पोलीस गावभर न फिरता नेमक्या अशाच जागी जाऊन थांबू लागले, आणि तिथल्या तक्रारी कमी झाल्या. एका जागी दहा ते पंधरा मिनिटं थांबलं की पोलीस निघून गेल्यावरही काही वेळ त्याचा धाक टिकतो. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही, असंही त्या नोंदींतून निघालं. म्हणजे गावाला चार फेऱ्या मारण्यापेक्षा बँकेसमोर बारा मिनिटं उभं राहणं बरं. तेही रोज ठरलेल्या वेळी नको. अकराची गाडी अकरालाच येते हे चोराला आपल्याआधी पाठ होतं.

आता हे एरंडोलला लावून पाहू. तालुक्यात पोलीस ठाणी दोन, एरंडोल आणि कासोदा. गावाजवळून धुळे-जळगाव महामार्ग जातो. त्याच्या कडेला ढाबे, पेट्रोल पंप आणि लग्नसराईत भरून वाहणारी मंगल कार्यालयं. दहाएक किलोमीटरवर पद्मालयचं गणपती मंदिर, जिथे अंगारकीला गाड्यांची रीघ लागते. शिवाय बंदोबस्त, कोर्टाची तारीख, अपघाताचा पंचनामा. एवढ्या पसाऱ्यात एक जीप आणि बीट मार्शलची मोटारसायकल प्रत्येक गाडीपाशी उभी राहणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. धोक्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, आणि वेळाही: बँकेची दुपार, बाजाराचा दिवस, लग्नाचा मुहूर्त, अंगारकीची गर्दी.

दुसरा समज, चोरी रात्रीच होते. डिक्कीची चोरी उन्हातच होते. एक जण बँकेत स्लिप भरत असल्यासारखा उभा राहतो. कॅशियरने मोजून दिलेली, रबर लावलेली गड्डी पिशवीत गेली, पिशवी डिक्कीत गेली, हे तो पाहतो. बाहेर त्याचा साथीदार गाडी सुरू ठेवून असतो. शेतकरी तिथून सरळ घरी गेला तर दोघांचा दिवस फुकट जातो. पण तो सरळ जात नाही. वाटेत कृषी केंद्रावर थांबतो, फवारणीचं औषध विचारतो, ओळखीचा माणूस भेटला तर चहा होतो. डिक्कीचं कुलूप म्हणजे पत्र्यात अडकवलेली लहानशी जीभ, तिला हिसका पुरतो. कधी कुलपालाही हात लावावा लागत नाही. ‘आप्पा, तुमचे पैसे पडले’ म्हणत रस्त्यावर दहा-वीसच्या नोटा टाकतात किंवा ‘शर्टावर काय लागलंय बघा’ म्हणतात. आप्पा वाकतात, तेवढ्यात हँडलची पिशवी जाते. कारवाल्याला ‘ऑइल गळतंय’ म्हणून खाली उतरवायचं, हीसुद्धा त्याच घरातली युक्ती. यावर उपाय गस्तीपेक्षा आपल्या हातात जास्त आहे. पैसे काढायचे त्या दिवशी दुसरं काम काढायचं नाही, सोबत एक माणूस न्यायचा, आणि जमेल तिथे दुकानदाराला रोख न देता थेट खात्यावर द्यायचे.

रात्रीचा माल वेगळा असतो: ट्रकचं डिझेल, ट्रॅक्टरची बॅटरी आणि मारुती इकोचा सायलेन्सर. सायलेन्सर कोण कशाला नेईल, असं वाटतं. त्याच्या जोडीला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातल्या पदार्थाला चोर ‘माती’ म्हणतात. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात. इको जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, खाली शिरायला सोपी. शाळेच्या फेऱ्या करणाऱ्याने सकाळी चावी फिरवली आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली, की काय गेलं ते कळतं.

‘दिवा लावा, चोर पळेल’ हेही दर वेळी खरं नाही. इंग्लंडच्या थेम्स व्हॅली भागात वीज वाचवायला काही रस्त्यांवरचे दिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवले. त्या रस्त्यांवर रात्री गाड्यांतून होणाऱ्या चोऱ्या वाढल्या असतील असं कुणालाही वाटेल. उलट त्या जवळपास ४४ टक्क्यांनी घटल्या. कारण साधं असावं. काळोखात सीटवर काय पडलंय ते चोरालाही दिसत नाही, आणि त्याने बॅटरी लावली तर तोच दिसतो. पण शेजारच्या उजेडातल्या रस्त्यांवर चोऱ्या वाढल्याचंही याच अभ्यासात आढळलं. याचा अर्थ नगरपालिकेने दिवे काढावेत असा कुणी घेऊ नये. ज्या दिव्याखाली पाहणारं कुणी नाही, त्या दिव्यावर विसंबू नये, एवढंच.

सीसीटीव्हीचं मात्र उलट आहे. ‘कॅमेऱ्याने काय होतं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की २०१९ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा कॅमेऱ्यांचा सर्वांत चांगला परिणाम पार्किंगच्या जागांतच दिसला, तिथले गुन्हे सुमारे ३७ टक्क्यांनी कमी. अडचण निराळीच आहे. दुकानातला कॅमेरा गल्ल्याकडे वळवलेला असतो, रस्त्याकडे नाही; आणि डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. चोरीनंतर आठ-पंधरा दिवसांनी मागायला गेलं तर बऱ्याचदा काही उरलेलं नसतं.

आतलं सामान दिसू नये म्हणून काचांना लावायच्या काळ्या फिल्मबद्दल एवढंच, की सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिला मनाई केली. तेव्हा सामान कारच्या डिक्कीत ठेवायचं, आणि तेही घरून निघतानाच. पद्मालयाच्या पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत पर्स मागे टाकणं म्हणजे ती कुठे आहे ते सांगून जाणं.

‘आपला गावमा कोन हात लावस? बाहेरनाच लोक राह्यतस,’ हे वाक्य पुष्कळदा अमुक एका जमातीवर येऊन थांबतं. हा गैरसमज सगळ्यांत जुना, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. शेजारच्या धरणगावचाच इतिहास पाहा. ज्यांना लुटारू ठरवलं होतं त्याच भिल्लांना घेऊन इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं, आणि वाटा-घाट राखायचं काम ही पलटण करत असे. त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पारावरून मात्र अजून गेलेला नाही. एकदा जात ठरली की तपास तिकडेच वळतो आणि बँकेत उभा असलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस नजरेतून सुटतो.

आता तक्रारीचं. ‘हजार-दोन हजारांसाठी ठाण्याची पायरी कोण चढणार’ हे व्यवहाराला धरून वाटतं. पण गस्त कुठे लावायची हे ठरतं ते नोंदीवरून. एकाच कृषी केंद्रासमोर तिघांच्या डिक्क्या फुटल्या आणि एकानेच सांगितलं, तर पोलिसांच्या वहीत तिथे एकच चोरी होते. मग ‘पोलीस इथे कधी थांबत नाहीत’ हे गाऱ्हाणंही आपलंच आणि त्याचं कारणही काही अंशी आपणच.

तक्रार देताना एक फरक सांभाळावा. पोलिसांच्या संकेतस्थळावरची ‘गहाळ’ वस्तूची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. पिशवी पडली नसून कुणी नेली असेल तर ‘चोरी’ हाच शब्द लिहून घ्यावा. गेलेल्या वस्तूंची यादी किमतीसकट द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, त्यामुळे किंमत अंदाजाने कमी सांगितली तर प्रकरणाची वाटच बदलते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मोबाइल गेला असेल तर संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो.

विमा भरपाई देईल, हीही आशा जपून ठेवावी. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात चोरीचं काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात फुटलेली काच बसते, आत ठेवलेली रोकड आणि दागिने सहसा बसत नाहीत. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी मात्र वाटते तितकी पक्की नाही. हॉटेलच्या माणसाने चावी घेऊन लावलेली गाडी चोरीला गेली तर केवळ अशी अट दाखवून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात सांगितलं. चावी तुमच्याच खिशात असेल तर हा आधार तितका मिळत नाही.

राहिला हद्दीचा प्रश्न. एरंडोलजवळच्या ढाब्यावर जेवलात आणि बॅग गेल्याचं जळगावला उतरल्यावर कळलं, तर तीसेक किलोमीटर उलटं यायची गरज नाही. जळगावच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे एरंडोलला वर्ग होतो. ढाबेवाल्याला मात्र लगेच फोन करून त्या तासाभराचं चित्रण बाजूला काढून ठेवायला सांगा.