फोटो आधी उलटा करून बघा

जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेला आणि ‘गडाचा शंभर वर्षांपूर्वीचा दुर्मीळ फोटो’ व्हॉट्सॲपवर फिरू लागला. तेव्हापासून मला लोक विचारतात, घरातल्या जुन्या फोटोला लिलावात काय भाव येईल?

भावाचं म्हणाल तर मॅन रे यांच्या १९२४ च्या एका कृष्णधवल प्रिंटला २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. ती त्या काळातली मूळ प्रिंट होती. निगेटिव्ह तयार झाली त्याच सुमारास काढलेल्या प्रिंटला ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्याच निगेटिव्हवरून चाळीस वर्षांनी काढलेल्या प्रिंटचा भाव खूपच कमी.

आपल्याकडे साहेब मायदेशी गेले, त्यांच्यासोबत अल्बमही गेले. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी असे हजारो जुने फोटो जमवले, हे मला त्यांच्या नाटकांइतकंच मोठं काम वाटतं. आता १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपुढची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पण रद्दीत जाणाऱ्या ट्रंकेला कुठला कायदा अडवणार?

फोटो भिंगाखाली धरा. बारीक ठिपके दिसले, तर ते छापील चित्र. एकोणिसाव्या शतकातली प्रिंट बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावरची, पिवळट तपकिरी, पुठ्ठ्यावर डकवलेली. त्यानंतरच्या जिलेटिन प्रिंटमधली चांदी कालांतराने वर येते.

घोडेगावला ओळखीच्या एका घरी लग्नाचा ग्रुप फोटो उजेडात तिरका धरला, तर कडेच्या काळ्या कोटांवर निळसर चकाकी उमटली. “बुरशी धरलीय, पुसून देऊ का?” आजींनी पदर पुढे केला. मी घाईने हात मागे घेतला. ती चांदी होती.

मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘आंबेगाव, वाड्यापुढे’. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. वाडाही गेला. लिलावात या फोटोवर कुणी बोली लावणार नाही, आणि तरी माझ्या लेखी तो गडाच्या कुठल्याही निनावी फोटोपेक्षा मोलाचा आहे.

मी वही काढली. आजी डावीकडून एकेक नाव सांगत गेल्या. मागच्या रांगेतल्या फेटेवाल्यापाशी अडल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “थांब, मंचरला जाऊबाईंना फोन लाव.”