मार देणारा आणि कागद करणारा

मये, डिचोली, अस्नोडा, पेडणे या भागात मुक्तिलढ्याच्या गोष्टी निघाल्या की एक नाव हमखास येते, आजेंत मोंतेरो. कासिमिरो मोंतेरो हा गोव्यातच जन्मलेला पोर्तुगीज पोलीस अधिकारी. कोठडीत त्याने केलेल्या मारहाणीच्या आठवणी स्वातंत्र्यसैनिकांनी लिहून ठेवल्या आहेत, घराघरांत सांगितल्या आहेत. हाच माणूस पुढे पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांत गेला. १९६५ साली विरोधी नेते जनरल उंबेर्तू देल्गादू यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात त्याचा हात होता आणि त्याच्या गैरहजेरीत न्यायालयाने त्याला दोषीही ठरवले.

मोंतेरोचे नाव असे पक्के लक्षात राहिले. पण त्याच्या कोठडीतून बाहेर आलेला जबाब हातात घेऊन पणजीच्या लष्करी न्यायालयात उभा राहणारा, त्यावर आरोप रचून आठ, दहा, बारा वर्षे मागणारा माणूस कोण होता? त्याचे नाव कोणाच्या तोंडी नाही. तो कोणाला मारत नव्हता. त्याच्या अंगावर बहुधा इस्त्री केलेला गणवेश असे आणि समोर नीट लावलेली कागदपत्रे.

पोर्तुगीज पद्धतीत सरकारी वकिलांच्या यंत्रणेला ‘मिनिस्तेरियु पुब्लिकु’ म्हणतात, आणि लष्करी न्यायालयात हे काम ‘प्रोमोतोर’ करतो. गोव्यातले राजकीय खटले ‘त्रिबुनाल मिलितार तेरितोरियाल’ या लष्करी न्यायालयापुढे चालत. १९४६ साली राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर जी धरपकड झाली, तिच्यात त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा सापडले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या समुद्रकाठच्या पेनिश किल्ल्यात धाडले. कुन्हांनी बंदूक उचलली नव्हती. लिहिणे, बोलणे आणि माणसे जमवणे एवढेच त्यांच्या नावावर होते. त्यांच्यामागोमाग पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही पेनिशला गेले.

साध्या बोलण्याचा गुन्हा कसा करायचा, हे खरे कसब. १९५१ साली पोर्तुगालने घटनादुरुस्ती केली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलल्याने मयेतल्या कुळाच्या ताटात काही फरक पडला नाही. आरोपपत्रात मात्र पडला. गोवा म्हणजे पोर्तुगालच, असे एकदा कागदावर ठरले की ‘गोवा भारतात जावा’ म्हणणारा माणूस आपोआप राष्ट्राची फाळणी मागणारा ठरतो. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत वक्त्याने गोव्याला पोर्तुगाल म्हटले, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी जागच्या जागी निषेध नोंदवला. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द आणि राष्ट्राच्या अखंडतेवरचा घाला यांच्यातले अंतर शिपाई कापू शकत नाही. त्याला कायद्याचे शिक्षण लागते.

लिस्बनमध्ये १९४५च्या ऑक्टोबर महिन्यात जे घडले ते या बाबतीत फार बोलके आहे. महायुद्ध संपले होते आणि जिंकलेल्या लोकशाही देशांपुढे सालाझारला जरा बरा चेहरा दाखवायचा होता. १३ ऑक्टोबरच्या हुकुमाने फौजदारी प्रकरणांचा प्राथमिक तपास सरकारी वकिलांच्या देखरेखीखाली आला. सुधारणा चांगलीच होती. पण २२ ऑक्टोबरला दुसरा हुकूम निघाला, त्याने ‘पिडे’ ही गुप्त पोलीस संघटना जन्माला घातली आणि राजकीय गुन्ह्यांपुरता तोच तपासाचा अधिकार तिच्या हाती दिला. मुदतवाढी धरून १८० दिवसांपर्यंत माणूस आरोपाशिवाय कोठडीत ठेवता येऊ लागला. म्हणजे नऊ दिवसांपूर्वी सरकारी वकिलाच्या हाती दिलेली चावी नेमकी ज्या खोलीत मारहाण होई, त्याच खोलीपुरती काढून घेतली. त्याच्याकडे उरले ते तयार फाइल उचलून न्यायालयात वाचायचे काम.

पुण्याहून आलेल्या मधू लिमये यांच्या प्रकरणात ही साखळी स्पष्ट दिसते. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोलिसांनी त्यांना बेदम मारले. पुढे सुमारे पाच महिने ते पोलीस कोठडीत होते. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही. त्याच वर्षी १८ मे रोजी सेनापती बापटांसह पहिली तुकडी घेऊन आलेल्या ना. ग. गोरे यांना दहा वर्षे मिळाली होती. हे भारतीय सत्याग्रही फेब्रुवारी १९५७ मध्ये सुटले. गोव्याच्या पोरांना तेवढी सवलत नव्हती. त्यांना पोर्तुगीज नागरिक मानले जाई, आणि त्यामुळे त्यांचा गुन्हा परक्याच्या गुन्ह्यापेक्षा वेगळा, घरभेद्याचा.

सरकारी वकिलाचे दुसरे पाप न दिसणारे असते. ते म्हणजे जो खटला तो भरतच नाही. मयेपासून अस्नोडा जवळच. तिथले बाळा राया मापारी आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते. अस्नोड्याच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यानंतर ते पकडले गेले आणि १८ फेब्रुवारी १९५५ रोजी कोठडीतच गेले. गोवा मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतात. कोठडीत माणूस मेला तर पोलिसांना जाब विचारणे हे कोणत्याही देशात फिर्यादी यंत्रणेचे पहिले काम. सहा महिन्यांनी, १५ ऑगस्टला, पेडण्याच्या पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हाही फाइल उघडली ती जिवंत पकडलेल्या सत्याग्रहींवर, गोळ्या घालणाऱ्यांवर नाही.

कागदाचे बळ काय असते ते मयेला वेगळे सांगायला नको. या गावाची बहुतेक जमीन पोर्तुगीज पदवीधारी कोंद कुटुंबाच्या नावावर होती. मुक्तीनंतर कोंद पोर्तुगालला गेले, १९६४च्या कायद्याने जमीन निर्वासित मालमत्ता ठरली, आणि पिढ्यान्पिढ्या तिथे घर बांधून राहिलेला, कुळागर शिंपणारा माणूस सरकारी दप्तरात नुसता ‘ताबेदार’ होऊन बसला. देश स्वतंत्र, गाव परक्याच्या नावावर. खास मयेपुरता कायदा व्हायला २०१४ साल उजाडले, आणि सनदा त्यानंतर टप्प्याटप्प्याने हाती पडू लागल्या. हा मुद्दा फौजदारी नाही, हे खरे. पण राजवट जाते आणि तिने केलेली नोंद मागे राहते, एवढे त्यातून कळते.

मराठी वाचकाला सरकारी वकिलाच्या पेशाची जुनी ओळख आहे ती १९०८च्या टिळक खटल्यातून. ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख मराठीत होते. खास ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सरकार पक्षाने लेखांची इंग्रजी भाषांतरे पुढे ठेवली आणि अ‍ॅड. ब्रॅन्सन यांनी त्या भाषांतरांवर राजद्रोह उभा केला. टिळकांनी स्वतःच बचाव केला, एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. त्यातला बराचसा वेळ कशात गेला? मूळ मराठी शब्दाचा अर्थ हा, भाषांतरात घातलेला अर्थ तो, हे समजावण्यात. ज्यांना मराठी येत नाही अशा नऊ जणांपुढे मराठीचा कीस काढण्याची पाळी एका संपादकावर आली. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. गंमत म्हणजे १८९७च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्याने उभे राहिले होते ते हेच दावर.

ब्रॅन्सन यांनी पुरावा दडवला असे कोणी म्हणत नाही. त्यांनी कायद्याच्या चौकटीत काम केले, आणि म्हणूनच प्रकरण अवघड होते. मॉस्कोतले आंद्रेई विशिन्स्की चौकटीबिकटीत अडकले नाहीत. १९३६ ते १९३८ या काळातल्या खटल्यांत मुख्य अभियोक्ता म्हणून त्यांनी आरोपींना पिसाळलेले कुत्रे म्हटले, गोळ्या घालायची मागणी केली, आणि पुराव्याच्या जागी छळून घेतलेले कबुलीजबाब ठेवले. त्यांना शिक्षा कसली? पुढे ते सोव्हिएत परराष्ट्रमंत्री झाले.

हिशेब मागितला गेल्याची उदाहरणे मोजकीच. न्युरेम्बर्गला १९४७ साली नाझी न्यायव्यवस्थेतले अधिकारी, न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्यावर स्वतंत्र खटला चालला. ‘लोकन्यायालया’चे मुख्य सरकारी वकील एर्न्स्ट लाउत्स यांना त्यात दहा वर्षे झाली. अर्जेंटिनात २०१७ साली मेंदोसा शहरातल्या न्यायालयाने हुकूमशाहीच्या काळातल्या न्यायखात्याच्या माजी अधिकाऱ्यांना जन्मठेप दिली. बेपत्ता माणसांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत होत्या आणि ते हलत नव्हते, हा त्यांचा गुन्हा.

सगळ्यांत विचित्र गोष्ट प्रागची. १९५० साली मिलादा होराकोवा या संसद सदस्य राहिलेल्या बाईंवर खटला भरला गेला. प्रश्न आणि उत्तरे आधीच लिहून पाठ करून घेतली होती, जणू गावच्या जत्रेतले नाटक. सरकार पक्षात लुदमिला ब्रोझोव्हा ही तरुण वकील होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये होराकोवा फाशी गेल्या. पुढे साठएक वर्षांनी, कम्युनिस्ट राजवट संपून बराच काळ लोटल्यावर, चेक न्यायालयाने ब्रोझोव्हांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००९ साली त्या तुरुंगात गेल्या तेव्हा वय ८७. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. सत्याऐंशीच्या म्हातारीला आत टाकून काय मिळवले, असे विचारणारे तिथेही होते. पण निकालातला मुद्दा साधा होता. संहिता आधीच ठरली आहे हे ठाऊक असताना ती व्यक्ती आपली भूमिका म्हणत राहिली.

आपल्याकडे काय? १९९० साली हवानात संयुक्त राष्ट्रांनी सरकारी वकिलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. छळ करून मिळवलेला पुरावा हाती आला तर तो आरोपीविरुद्ध वापरू नये, न्यायालयाला तसे सांगावे आणि छळ करणाऱ्यांना न्यायालयासमोर आणण्यासाठी पावले उचलावीत, असे त्यांत म्हटले आहे. भारतात हीच गोष्ट न्यायालयांना तुकड्यातुकड्याने सांगावी लागली, आणि ती सांगायला कारण ठरली महाराष्ट्रातली प्रकरणे. १९९४ साली हितेंद्र ठाकूर प्रकरणात, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कोठडीची मुदत वाढवून मागताना सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अहवाल द्यायचा आहे, पोलिसांचा अर्ज पुढे ढकलणारा टपालवाला त्याने व्हायचे नाही. पुढच्याच वर्षी शहाणे प्रकरणात महाराष्ट्रातल्या सहायक सरकारी वकिलांवरचा पोलीस खात्याचा ताबा काढून स्वतंत्र विभाग करण्याचे आदेश निघाले. तोवर ज्याच्या तपासातले दोष काढायचे त्याच्याच खात्याखाली हे वकील नोकरी करत होते.

यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कोठडीची नव्वद दिवसांची मुदत सरकारी वकिलाच्या अहवालावर १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. आकडा पिडेच्या आकड्याशी जुळतो एवढ्यावरून दोन राजवटी सारख्या ठरत नाहीत. इथे चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावे लागते, वकील मिळतो, वर दाद मागता येते. तरी अहवाल खरोखर कोणाचा, हा प्रश्न सुटलेला नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांची मुदतवाढ मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली, कारण अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावाने आलेला दिसत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, मुदतवाढ कायम राहिली. २०१५ साली मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी, आपल्याला खटला सौम्यपणे चालवायला सांगितले गेले, असे जाहीरपणे म्हटले होते. सरकारी वकिलाने तोंड उघडल्याची अशी उदाहरणे शोधावी लागतात.

पुन्हा गोव्याकडे. सांगलीचे मोहन रानडे सावई-वेरे भागात शाळामास्तर म्हणून आले आणि आझाद गोमंतक दलात गेले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षे. १९६० साली त्यांना पोर्तुगालला नेले. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, आग्वाद तुरुंगाचे दरवाजे उघडले, ज्या न्यायालयाने शिक्षा दिली ते न्यायालयच उरले नाही. रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात, सहा वर्षे एकांतकोठडीत. इकडे सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी धडपडत होते. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. असेच पोर्तुगालच्या तुरुंगात अडकलेले गोव्याचे तेलो मास्कारेन्यस बाहेर आले तेव्हा १९७० साल लागले होते, आणि मयेतली मुक्तीच्या वर्षी जन्मलेली पोरे तोवर तिसरी-चौथीत गेली होती.