प्रेताचे देणे

चालत्या प्रेतांचा चित्रपट म्हटला की आजच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मनुष्यमांसावर तुटून पडणारी झुंड उभी राहते. परंतु ज्या मुलखात 'झोंबी' ही कल्पना घडली त्या हैतीमध्ये मनुष्याला धास्ती असे ती मेल्यावर आपलाच झोंबी होईल की काय, याची. फ्रेंचांच्या अंमलाखाली तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली लक्षावधी माणसे गुलाम म्हणून राबली आणि खपली. मरणोत्तर आत्मा समुद्रापलीकडच्या गिनीत, पूर्वजांच्या भूमीत, परत जातो ही त्यांच्या व्हूडू श्रद्धेतील आशा. आणि त्या आशेवरच घाला घालणारा तो बोकोर, म्हणजे जीवात्म्याचा एक अंश हिरावून उरलेल्या देहाला अखंड वेठीला धरणारा मांत्रिक. गुलामाला ठाऊक असलेली एकुलती एक सुटकाही ज्याला नाकारली गेली, तो झोंबी. 1791 च्या उठावातून 1804 साली हैती स्वतंत्र झाला, तरी हे भय ओसरले नाही: थडग्यांवर रात्रीचे पहारे बसत राहिले, आणि विषप्रयोगाने मृतवत झालेल्या माणसाला पुरल्यास तो खूनच समजावा, असे कलम तेथील फौजदारी कायद्यात एकोणिसाव्या शतकात दाखल झाले.

पुढे अमेरिकेचा लष्करी अंमल हैतीवर असताना (1915 ते 1934) विल्यम सीब्रूक या प्रवासी लेखकाने तेथे ऐकलेल्या कथा 'द मॅजिक आयलंड' या ग्रंथात 1929 साली प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका कथेत अमेरिकन साखर कंपनीच्या उसात मजुरीला लावलेली प्रेते चुकून खारवलेल्या दाण्यांची मिठाई खातात, आणि मिठाची चव लागताच आपण मेलेले आहोत हे उमगून आपापल्या थडग्यांची वाट धरतात. मिठाच्या एका कणात मोक्ष ठेवणाऱ्या त्या अनाम कथाकारांपुढे मी नतमस्तक आहे. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटात साखरेच्या घाण्यात एक मजूर कोसळून चिरडला जातो आणि बाकीचे घाणा फिरवीतच राहतात. मीठ मात्र पडद्यावर कोठेच येत नाही.

जॉर्ज रोमेरो याच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) या चित्रपटात हैतीही नाही आणि मांत्रिकही नाही, तथापि जिवंत माणसे मृतांचे काय देणे लागतात, हा मूळ प्रश्न तोच आहे. पित्याच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहण्यासाठी लांबचा प्रवास करून आलेली बहीण गुडघे टेकून प्रार्थना करते, भाऊ तिची थट्टा करतो, आणि तेवढ्यात स्मशानातून चालत येणारा पहिला मृत मनुष्य दिसू लागतो. पुढे तज्ज्ञ सांगतात की अंत्यविधीचा शिरस्ता बाजूला ठेवून प्रेते तत्काळ जाळावीत. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने उभा केलेला बेन रात्रभर झुंजून एकटा वाचतो, पण सकाळी शोधपथक त्याला प्रेत समजून गोळी घालते. आणि मग स्थिर छायाचित्रांतून दिसते ते असे की, मांसाचे आकडे हातात घेतलेली माणसे त्याला एखाद्या बेवारशी जनावराप्रमाणे उचलतात आणि इतर प्रेतांबरोबर सरणावर टाकतात. पुष्पचक्राने आरंभ झालेली कथा नाव न घेता पेटविलेल्या आगीत संपते. चित्रपटाची तयार झालेली प्रत मोटारीत घालून रोमेरो न्यूयॉर्ककडे निघाला असता वाटेत रेडिओवरून कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येचे वृत्त त्याच्या कानी आले.

दहा वर्षांनी 'डॉन ऑफ द डेड'मध्ये रोमेरो पुन्हा याच प्रश्नाकडे येतो. सर्व प्रेते सरकारच्या स्वाधीन करावीत असा हुकूम सुटला आहे, पण फिलाडेल्फियातील एका गरीब वस्तीने आपले मृत तळघरात लपवून ठेवले आहेत. कुबडीवर चालणारा एक वृद्ध, एकपायी पाद्री शिपायांना सांगतो की त्यांचे अंत्यसंस्कार मी केले आहेत, आता तुम्हांला योग्य वाटेल ते करा; मात्र ही हत्या थांबली पाहिजे. इतका धोका पत्करून या लोकांनी प्रेते का ठेवली, असे एक शिपाई विचारतो, तेव्हा पीटर नावाचा त्याचा कृष्णवर्णीय सहकारी उत्तर देतो की मरणालाही मान असतो, असे हे लोक अजून मानतात. तो तळघरात उतरतो. कफनात गुंडाळलेली, हालचाल करणारी ती माणसे तेथे पडलेली असतात, आणि तो एकेकावर गोळी झाडीत जातो.